विकासात मागे पडण्याची शक्यता असलेले बालक आणि त्याचे आईवडील : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे काही बालके वारंवार येतात. मात्र ती रुग्ण म्हणून येत नाहीत. आई येते ती मालिशचे तेल विचारण्यासाठी, आजी येते ती नातवासाठी ‘बुद्धीचे औषध’ मागण्यासाठी. बोलता बोलता कळते की बाळ आठव्या महिन्यात जन्मले आणि काही दिवस ‘काचेत’ होते, किंवा जन्मल्यावर लगेच रडले नव्हते, किंवा कावीळ वाढल्याने त्याला निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले होते. आता ते पाच महिन्यांचे आहे, मान अजून डळमळते, आणि घरातील कोणी तरी म्हटलेले असते की याचा बापही उशिराच चालला होता.

अशा वेळी आपल्याकडून दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. एक म्हणजे ‘होईल हळूहळू, काळजी करू नका’, आणि दुसरे म्हणजे एखादे मेध्य औषध. दोन्ही उत्तरांमागील हेतू चांगला असतो. परंतु दोहोंनंतर आईवडील घरी जातात तेव्हा बाळासाठी आज, उद्या, परवा काय करावयाचे हे त्यांना कळलेले नसते, आणि पुढचे तीन-चार महिने तसेच निघून जातात. पहिल्या दोन वर्षांतील मेंदूची वाढ पाहता हे महिने फार मोलाचे आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः या आईवडिलांसंबंधी लिहीत आहोत. विशेष उपचारांची केंद्रे दूर, शेतीची कामे हंगामी आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबांचे स्थलांतर, अशा या भागात आईवडिलांच्या हाती जे दिले जाते तेच बाळाबरोबर टिकते, असे आमचे मत झाले आहे.

धोका कोणाला मानावा

अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे बाळ, जन्मतः श्वास घेण्यास विलंब झालेले बाळ, नवजात अवस्थेत झटके, तीव्र कावीळ, मेंदूज्वर किंवा रक्तातील जंतुसंसर्ग होऊन गेलेले बाळ, जन्मजात व्यंग असलेले बाळ, ही यादी वाचकांस परिचित आहे. तिच्यात आम्ही आणखी दोन गोष्टी जोडतो. एक, बाळाचे सतत न वाढणारे वजन. दोन, आईची खचलेली मनःस्थिती. प्रसूतीनंतर आई महिनोन् महिने उदास असेल, बाळाकडे पाहून हसत-बोलत नसेल, तर जन्माच्या वेळी सर्व काही ठीक असूनही ते बाळ धोक्याच्या यादीत धरावे.

येथे वयाच्या हिशेबाची एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तर विकासाच्या दृष्टीने ते चार महिन्यांचे समजावे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले हे सुधारित वय साधारण दोन वर्षांपर्यंत वापरतात. हा हिशेब आईला समजावून सांगितला की तिची निम्मी भीती जाते. शेजारणीच्या बाळाशी होणारी तुलनाही थांबते. मात्र सुधारित वय धरूनही बाळ मागे असेल, तर ‘अपुऱ्या दिवसांचे आहे म्हणून’ हे कारण पुढे करून थांबू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचा अभ्यास करून २००६ साली हालचालींच्या टप्प्यांच्या मर्यादा प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने, इतका त्यांचा विस्तार आहे. म्हणजे सव्वा वर्षाचे मूल चालत नाही एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. उलट नवव्या-दहाव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नसलेल्या मुलाची ‘अजून लहान आहे’ म्हणून बोळवण करणे योग्य नाही. टप्पा कधी गाठला यापेक्षाही तो कसा गाठला हे पाहावे. तीन-चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या असणे, लंगोट बदलताना मांड्या ताठ होऊन पाय एकमेकांवर चढणे, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर करणे, बाळ हातात घेताच मऊ बाहुलीसारखे लोंबणे, आईच्या चेहऱ्याकडे न पाहणे, ही लक्षणे दिसली की पुढील तपासणीसाठी वाट पाहू नये. ‘उजवा हात चांगला चालतो, डावखुरा नाही’ असे वडील कौतुकाने सांगतात, तेव्हा वैद्याने डाव्या हाताकडे नीट पाहावे.

आपल्या ग्रंथांत काय आहे

फक्करोगाचे वर्णन काश्यपसंहितेच्या चिकित्सास्थानात आले आहे. वर्ष पूर्ण होऊनही जे बालक पायांनी चालत नाही त्यास फक्क म्हणावे असे तेथे सांगून क्षीरज, गर्भज आणि व्याधिज असे तीन प्रकार दिले आहेत. त्यांपैकी गर्भज फक्काचा विचार आजही जसाच्या तसा लागू पडतो. अंगावर पिणारे मूल असतानाच आई पुन्हा गरोदर राहते, दूध आटते आणि पहिले मूल खंगते. दोन बाळांमधील अंतराविषयी आईवडिलांशी बोलण्याचा हा आपल्याच शास्त्रातील आधार आहे. तथापि फक्क हा शब्द सरसकट निदान म्हणून वापरणे आम्हांस योग्य वाटत नाही. वर्षाची मर्यादा हा ‘आता लक्ष घाला’ असा इशारा आहे. कुपोषण, मुडदूस, मेंदूला झालेली इजा, थायरॉइडची उणीव, स्नायूंचा आजार ही सर्व कारणे एका नावाखाली लोटली, तर ज्या कारणावर उपाय आहे तेही झाकले जाते.

याच प्रकरणात तीन चाकांच्या गाड्याचा उल्लेख येतो. आपल्या गावांतील सुताराने केलेला पांगुळगाडा तो हाच. मूल उभे राहून तो पुढे ढकलते, त्यामुळे पाय, कंबर आणि तोल या सर्वांना काम पडते. बाजारात मिळणारा, मुलाला मध्ये बसवून ठेवणारा वॉकर ही वेगळी वस्तू आहे. त्यात मूल बोटांवर रेटा देत फिरते, आणि पायरीवरून किंवा चुलीकडे घसरण्याचा धोका असतो. कॅनडाने अशा वॉकरच्या विक्रीवर २००४ साली बंदी घातली. औषधालयाच्या दर्शनी भागात तो टांगलेला दिसला की आम्हांस खेद होतो.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात खेळण्यांविषयी जे आले आहे ते प्रत्येक वैद्याने पुन्हा वाचावे. खेळणी निरनिराळी, आवाज करणारी, मनोहर आणि हलकी असावीत. टोकदार नसावीत, तोंडात शिरणारी नसावीत, भीती वाटेल अशी नसावीत. बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, असेही तेथे बजावले आहे. बाळाचे खेळणे आणि निर्भय असणे हा आचार्यांच्या मते कौमारभृत्याचाच भाग होता. आपण मात्र लेहन आणि अभ्यंग यांवर भर दिला, आणि हा भाग आपल्या चिकित्सेतून जवळजवळ गळला.

पहिली भेट

पहिल्या भेटीत सर्वांत आधी विचारावे ते हे : ‘तुम्हांला बाळाबद्दल काही काळजी वाटते का?’ प्रश्न साधा आहे, पण तो विचारून उत्तराची वाट पाहणारे थोडे. तुर्कस्तानातील अंकारा विद्यापीठाच्या डॉ. इल्गी अर्टेम यांनी बालविकासाच्या देखरेखीची जी पद्धत तयार केली, तिची सुरुवात अशाच मोकळ्या प्रश्नाने होते. पुढे बाळ आपले म्हणणे कसे कळवते, त्याला काय समजते, ते कसे हालते, माणसांशी कसे वागते, कसे खेळते, हे आईला तिच्याच शब्दांत सांगू देतात. २००८ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत कमी साधने असलेल्या देशांचा विचार करून केलेली आहे. यंत्र लागत नाही, खोका लागत नाही. बाळ आईच्या मांडीवर असते आणि आईच माहितीचा मुख्य स्रोत असते.

आमच्या अनुभवात या प्रश्नाला ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी कुटुंबातील आई लगेच उत्तर देत नाही. ती सासूकडे पाहते. अशा वेळी सासूबाईंनाही आदराने विचारावे, ‘आजी, तुम्ही इतकी पोरे वाढवलीत, हा तुम्हांला कसा वाटतो?’ आजीचे निरीक्षण पुष्कळदा अचूक असते, आणि पुढे घरात काय करू दिले जाईल हेही बहुधा तीच ठरवते. तिला बाजूला सारून आईला शिकवलेले काही टिकत नाही.

शब्दांची निवड फार जपून करावी. ‘मतिमंद’, ‘वेडसर’, ‘हा काही चालणार नाही’ असे शब्द या वयात वैद्यकीय दृष्ट्याही निराधार असतात, आणि ते पाड्यात त्या मुलाच्या आधी पोहोचतात. ‘बाळाला मान धरायला मदत लागते आहे, ती आपण करू, आणि आणखी तपासण्यासाठी मोठ्या डॉक्टरांनाही दाखवू’ असे म्हणता येते. त्यात खोटे आश्वासन नाही आणि निराशाही नाही.

आईला दोष देण्याची प्रथा तर आपण सर्वांनीच पाहिली आहे. ग्रहणात बाहेर गेली, भातलावणीला वाकली, डोहाळे पुरवले नाहीत, अशी कारणे घरात आधीच निघालेली असतात. येथे आपल्या ज्ञानाचाही दुरुपयोग होऊ शकतो. दौहृदाचा अव्हेर आणि गर्भोपघातकर भाव हे विषय गर्भिणीच्या परिचर्येसाठी आहेत. प्रसूतीनंतर तिच्यासमोर ते उगाळले तर वैद्याच्या तोंडून तिच्यावर शिक्का बसतो. सर्व कुटुंबासमोर, शक्यतो वडिलांकडे पाहून, ‘हे आईच्या कोणत्याही चुकीने झालेले नाही’ असे स्पष्ट म्हणावे. या एका वाक्याने पुढच्या भेटीला येणाऱ्या आयांची संख्या वाढते, असे आम्ही पाहिले आहे.

दिवसाच्या कामांतच उपचार

रोज वेगळा तासभर व्यायाम करून घ्या, असे सांगितल्यास या भागातील आई मान हलवते आणि घरी गेल्यावर करत नाही. तिचा दिवस पहाटे पाण्यापासून सुरू होतो. ज्या शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, त्याच तालुक्यातील पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून जे सांगावयाचे ते तिच्या चालू कामांत बसले पाहिजे.

जन्मतः लहान बाळासाठी पहिले काम म्हणजे त्वचेला त्वचा लावून छातीशी धरणे. कांगारू पद्धत म्हणून ओळखला जाणारा हा उपाय १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाला. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्याने कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटलेले आढळले. रुग्णालयातून सोडताना आईला हे शिकवलेले असते. घरी आल्यावर लाजेपोटी किंवा ‘बाळाला सवय लागेल’ या समजुतीने ते बंद पडते. ते पुन्हा सुरू करून देणे वैद्याच्या हाती आहे. वडिलांनी आणि आजीनेही बाळाला असे धरण्यास हरकत नाही.

आंघोळीच्या वेळी बाळाचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर आणून बोलावे आणि त्याने ‘अं’ केले की थांबून त्याला उत्तर द्यावे. बाळाने आवाज करणे, आपण थांबणे, मग आपण बोलणे, ही देवघेव म्हणजेच पुढील भाषेचा पाया होय. बोलणे घरच्या बोलीतच असावे. ठाकरी, कातकरी, वारली जी बोली असेल तीत आईने ओव्या म्हणाव्यात, गोष्टी सांगाव्यात; शाळेची मराठी यावी म्हणून मोडक्या मराठीत बोलण्याची काही आवश्यकता नाही.

झोळी ही आपल्या घरांतील फार सोयीची वस्तू. पण जागे असलेले बाळ तासन् तास झोळीत राहिले, तर त्याला मान उचलण्याची, कुशीवर वळण्याची संधीच मिळत नाही. जागे असताना दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा वेळ, घोंगडीवर किंवा आईच्या पोटावर पालथे ठेवावे आणि समोर वाटी-चमचा वाजवावा. झोपवताना मात्र उताणेच ठेवावे. ताठ होणाऱ्या बाळाला कडेवर घेताना त्याचे पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना फाकवून घ्यावेत. असे दिवसभर कडेवर असणे हाही व्यायामच. पदराआड तोंड लपवून ‘कुक’ करणे, भाकरी करताना पिठाचा गोळा हाती देणे, वाटीत वाटी घालू देणे यांसाठी पैसा लागत नाही. भातलावणीच्या दिवसांत बाळ सात-आठ वर्षांच्या ताईकडे असते. तिलाही बोलावून घेऊन हे खेळ शिकवावेत. ती सर्वांत लवकर शिकते.

अशा साध्या खेळांनी खरोखर काय साधते, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. जमैकातील किंग्स्टन येथे डॉ. सॅली ग्रँथॅम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांच्या, कुपोषणामुळे उंची खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास केला. एका गटाच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षे आठवड्यातून एक तास जात आणि घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी बाळाशी कसे खेळावे हे आईला दाखवीत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूरक आहाराने आणि खेळाने विकास सुधारला. दोन्ही मिळाल्यास तो सर्वाधिक सुधारला. ज्यांच्या घरी अशा भेटी झाल्या ती मुले मोठी होऊन कमावू लागली, तेव्हा त्यांचे उत्पन्न इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळले. या मुलांची अडचण कुपोषणाची होती, मेंदूच्या इजेची नव्हे, हा फरक ध्यानात ठेवावा. मेंदूला गंभीर इजा झालेल्या बालकात अशा खेळांनी सर्व काही भरून येते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या बालकातही आखडलेपण वाढू न देणे, गिळणे सुरक्षित ठेवणे आणि आईशी नाते जुळणे यांचे महत्त्व कमी नाही.

अभ्यंगाबद्दल आपल्याकडे उत्साह आहे आणि तो योग्यच आहे. हलक्या हाताचे मालिश हा आईवडिलांच्या स्पर्शाचा वेळ आहे. फक्त ते मालिशवालीकडे पूर्णतः सोपवू नये, आखडलेले सांधे बळाने ओढू नयेत, बाळाला पायांना धरून उलटे करू नये आणि नाका-कानांत तेल सोडू नये. श्वासनलिकेत गेलेले तेल फुप्फुसात राहते आणि अशा बालकात ते विशेष घातक ठरते.

ज्यासाठी थांबता येत नाही

चार ते आठ महिन्यांच्या सुमाराचे बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक असे मान आणि हात झटकन पुढे आणते, पाय पोटाशी घेते, मग क्षणभर थांबून पुन्हा तसेच करते, कधी शेवटी रडते. आई सांगते, ‘पोटात मुरडा येतो’, किंवा ‘दचकतो’. आपणही उदरशूल समजून गुटी किंवा हिंगाष्टक देण्याची शक्यता असते. हा अपस्माराचा एक प्रकार आहे. उपचारास जितका उशीर तितकी बुद्धीची हानी अधिक. याच काळात बाळ हसणे, पाहणे विसरू लागले असेल तर शंका ठेवू नये. आईवडिलांना मोबाइलवर त्या झटक्यांचे चित्रण करण्यास सांगावे आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचा डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे, आणि फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. बाळ आपल्याकडे येते तोवर हा काळ अनेकदा उलटून गेलेला असतो; तरीही रुग्णालयाच्या कागदावर त्या तपासणीची नोंद आहे का ते पाहावे आणि नसल्यास लगेच पाठवावे. श्रवणाचेही तसेच. कावीळ वाढलेल्या किंवा अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळाने भांडे पडल्यावर दचकणे म्हणजे श्रवणतपासणी नव्हे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते.

लांबलेली कावीळ, मलावरोध, घोगरे रडणे, मोठी जीभ, फुगलेली नाभी आणि सुस्त बाळ हे चित्र दिसले तर थायरॉइडची रक्ततपासणी त्याच आठवड्यात करावी. पहिल्या काही आठवड्यांत सुरू केलेली एक साधी गोळी बुद्धी वाचवते. ती गोळी किंवा झटक्यांचे औषध चालू असलेल्या बाळाच्या आईने ‘आता आयुर्वेदिक सुरू करतो, ते बंद करू का?’ असे विचारल्यास आपले उत्तर निःसंदिग्ध ‘नाही’ असेच असावे.

औषधालय-चालकांसाठी

गल्ल्यावरचा माणूस हा या आईवडिलांना भेटणारा पहिला सल्लागार असतो. म्हणून त्याच्यासाठी थोडे स्पष्ट लिहितो. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांशिवाय काही देऊ नये. सहाणेवर उगाळलेली गुटी स्वच्छ राहतेच असे नाही, आणि जायफळाचे वळसे जास्त पडले की बाळ पेंगते, पिणे कमी करते. वजन न वाढणाऱ्या बाळात हे परवडणारे नाही.

सुवर्णप्राशनासंबंधी आमचे मत काही वाचकांस रुचणार नाही. लेहन कोणास द्यावे आणि कोणास देऊ नये याचा विचार काश्यपांनी लेहाध्यायात स्वतंत्रपणे केला आहे, याची आठवण पुष्य नक्षत्राच्या शिबिरात क्वचितच होते. शिवाय एक वर्षाच्या आतील बाळास मध दिल्यास क्वचित प्रसंगी एक जंतुजन्य विषबाधा होते. तिची लक्षणे म्हणजे मलावरोध, क्षीण रडणे, मान टाकणे. ज्या बाळाची मान आधीच डळमळते त्यात ती ओळखू येणेही कठीण. धोक्याच्या यादीतील बाळास वर्षाच्या आत आम्ही मधयुक्त लेहन देत नाही, आणि कोणत्याही वयात ‘विकासातील विलंबावरचा उपचार’ म्हणून ते विकले जाऊ नये असे आम्हांस वाटते. मेध्य औषधाची बाटली घेतल्याचे समाधान आईवडिलांना पुढील तपासणीपासून थांबवते, आणि खरा तोटा तेथे होतो.

कोणाकडे पाठवावे, आणि दिवाळीनंतर काय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टी शोधणाऱ्या त्याच्या फिरत्या पथकांत दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. म्हणजे आपलेच बीएएमएस झालेले सहकारी वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत जातात. आदिवासी भागातील भरारी पथकांतही तेच आहेत. त्यांच्याशी आपला फोनवरचा परिचय असावा. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथून या कार्यक्रमामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते. परळच्या वाडिया बालरुग्णालयात जाणाऱ्या कुटुंबास आसनगावहून लोकलचा मार्ग सरळ आहे. मुरबाडकरांना मात्र आधी एसटीने कल्याण गाठावे लागते, आणि एका खेपेत वडिलांची मजुरी बुडते. म्हणून पाठवताना चिठ्ठीत नेमका प्रश्न लिहावा. ‘बाळ दाखवणे’ एवढेच लिहिलेले कुटुंब पुष्कळदा खेप वाया घालवून परतते.

आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभ्या केलेल्या घरपोच नवजात सेवेचा हा विस्तार आहे. आपण आईला काय शिकवले ते आशाताईंना कळवले, तर पुढील भेटीत त्या तेच पुन्हा करून घेतात. वैद्य एक सांगतो आणि आशा दुसरे सांगते, असे झाले की आई दोन्ही सोडते.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सहा-सात महिन्यांचा हा काळ बाळाच्या बसण्या-रांगण्याचा असतो. निघण्यापूर्वी एकदा बोलावून घ्यावे. पालथे ठेवणे, बोलणे, कडेवर घेण्याची पद्धत हे सर्व आईवडिलांकडून आपल्यासमोर करून घ्यावे, कारण सांगितलेले विसरते. भट्टीवर बाळाला ठेवण्याची जागा कोणती, धूर आणि धूळ किती, तेथे सोबत कोण, हे विचारावे. माता व बाल संरक्षण कार्डाच्या कोऱ्या जागेत बाळाचे सुधारित वय, काय जमते, काय जमत नाही, कोणते औषध चालू आहे आणि कोणत्या लक्षणांवर तत्काळ दवाखाना गाठावा हे सुवाच्य मराठीत लिहावे. आपला फोन क्रमांकही द्यावा. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्यावे, म्हणजे भिवंडीकडील वैद्यालाही बाळाची मागची हकिकत लगेच वाचता येते.